पुस्तकाच्या दुकानात मुलांची वाचनबैठक: ३ ते ९ वयोगट एकत्र बसवावा का?

पानघडी:
छोटं, स्वतंत्र पुस्तकांचं दुकान आहे. बालविभागात सतरंजी टाकली की आठ बाय दहा फुटांची जागा होते. दर पंधरवड्याला पाऊण तासाची बैठक ठेवायची आहे. नोंदणी १८ मुलांची, वयं ३ ते ९. बेत असा: तीन पुस्तकं मोठ्याने वाचायची, मग चित्र रंगवायचं आणि शेवटी मुलांनी घरून आणलेली पुस्तकं आपसांत बदलून घ्यायची. एवढी मुलं, एवढी वयं एकत्र जमतील का? आणि विक्रीच्या प्रती हाताळून मळतात, त्याचं काय करावं?

सतरंजी:
नाही जमणार. ३ ते ५ आणि ६ ते ९ अशा दोन बैठका करा. लहानांची २५ मिनिटं, मध्ये दहा मिनिटं मोकळी, मग मोठ्यांची ४० मिनिटं. आकडाही कमी करा. आठ बाय दहामध्ये १८ मुलं मावतात, पण मागच्या रांगेला चित्र दिसत नाही. आणि चित्र दिसलं नाही की मूल उठून पुढे येतं, त्याच्यामागे आणखी चार. नेहमीच्या आकाराचं चित्रपुस्तक साधारण दोन मीटरपर्यंत नीट दिसतं. म्हणून १० ते १२ मुलं, दोन अर्धगोल रांगांत.

तीन पुस्तकं लहानांना जास्त होतात. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण मोठा कागद घडी घालून १६-१६ पानांचे फर्मे निघतात. सुरुवातीची पानं वगळली तर बारा-चौदा जोडपानं उरतात. मजकूर पाचशे शब्दांचा असेल तर नुसता वाचायला पाच मिनिटं, चित्रं बघू दिली तर आठ. दोन पुस्तकं आणि मधे हातवाऱ्यांचं एक गाणं, एवढ्यात २५ मिनिटं भरतात. लांब पुस्तक आधी, धमाल पुस्तक नंतर. उलट क्रम लावलात तर दुसरं पुस्तक कोणी ऐकत नाही.

निवडताना पालुपद असलेलं पुस्तक बघा. दर दोन पानांनी येणारी ओळ मुलं तिसऱ्या वेळेला तुमच्या आधी म्हणतात. कागदी खिडक्या उघडायची आणि पान उघडताच चित्र उभं राहणारी पुस्तकं गटात नकोत. प्रत्येकाला ती खिडकी स्वतःच उघडायची असते.

डावा_हात:
बसण्याबद्दल थोडं. वाचणाऱ्याच्या मागे खिडकी नको. मुलांना काळी आकृती दिसते, चित्र नाही. मुलांची पाठ दाराकडे हवी, नाहीतर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर बारा माना वळतात. वाचणारा बुटक्या स्टुलावर. पुस्तक छातीसमोर नाही, खांद्याच्या बाजूला, पानं मुलांकडे. चकचकीत कागदावर वरच्या दिव्याची तिरीप पडते, म्हणून पुस्तकाची वरची कड किंचित पुढे झुकवा. धरणारा अंगठा खाली मधोमध घडीपाशी, पान वरच्या कोपऱ्यातून उलटायचं.

कोऱ्या प्रतीचा कणा आधी मोकळा करून घ्या. पुस्तक टेबलावर ठेवून पुढून चार-पाच पानं, मग मागून चार-पाच पानं हलके दाबत मध्यापर्यंत या. एकदम मधोमध उघडून दाबलं की डिंकाची बांधणी तडकते आणि पानं सुटतात.

प्रश्न विचारायला अख्ख्या पुस्तकात तीनच जागा ठरवा. पानोपानी ‘हे काय आहे? याचा रंग कोणता?’ सुरू झालं की गोष्ट मरते. (मागे बसलेले पालक उत्तरं पुरवतात, हा वेगळाच त्रास. त्यांना सुरुवातीलाच सांगा, उत्तर मुलांचं.)

कागदी_बोट:
प्रश्नांच्या बाबतीत भर घालते. संवादी वाचन म्हणतात त्या पद्धतीवर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९८८ साली आला, पण तो घरी दोन-अडीच वर्षांच्या मुलांना वाचून दाखवणाऱ्या पालकांसोबत केलेला होता. क्रम सोपा आहे: विचारा, दाद द्या, वाक्य वाढवा, पुन्हा म्हणवून घ्या. मूल बोट दाखवून ‘भूभू’ म्हणालं, तर ‘हो, भूभू! भिजलाय ना? भिजलेला भूभू पायरीवर बसलाय. कुठे बसलाय?’ असं. बारा मुलांत हे होत नाही, सगळी एकदम बोलतात. हे बैठकीनंतरच्या मोकळ्या दहा मिनिटांत, दोन-तीन मुलांबरोबर करा. गटासाठी मोठ्या आकाराची पुस्तकं मिळाली तर उत्तम. १९७० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डअवे यांनी ती वर्गात रुजवली ती याचसाठी, मजकूर सगळ्यांना एकदम दिसावा म्हणून.

रंगवायचं चित्र मात्र काढून टाका. रंगवताना पुस्तक विसरलं जातं. शिवाय पुस्तकातल्या चित्राच्या झेरॉक्स काढून वाटणं म्हणजे कॉपीराइटचा प्रश्न. वाचनाचं चित्रीकरण करून टाकायचं असेल तरी प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. मोठ्या मुलांना अर्ध्या पोस्टकार्डाएवढी शिफारसचिठ्ठी लिहायला द्या. तीन ओळी: कोणाला आवडेल, कुठे हसू आलं, कुठे कंटाळा आला. तिसरी ओळ गाळू नका, तिच्यामुळेच बाकीच्या दोन खऱ्या वाटतात. खाली फक्त पहिलं नाव आणि वय. चिठ्ठी त्या पुस्तकाखालीच फळीला लावायची.

पानघडी:
चिठ्ठ्यांची कल्पना घेतली. मळलेल्या प्रती आणि अदलाबदल राहिलं.

बांधणी:
बैठकीतल्या प्रत्येक पुस्तकाची एक वाचनप्रत वेगळी काढा. पारदर्शक आवरण, आतल्या पानावर शिक्का. ती विकायची नाही. विक्रीच्या प्रती बैठक संपेपर्यंत मुलांच्या हाताला येणार नाहीत अशा फळीवर. जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि उघडी उभी करून वाळवा. पाणी कडेतून शिरलं की पुठ्ठा फुगतो. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी नको. ती पिवळी पडते आणि डिंक शेजारच्या पानाला धरतो. पातळ टिश्यू कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरा, दोन्हीकडे मेणकागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवा.

अदलाबदल बैठकीच्या दिवशी करू नका. मूल पुस्तक देतं आणि पाच मिनिटांत परत मागतं. पुस्तकं आदल्या आठवड्यात पालकांकडून घ्या, एका पुस्तकाला एक टोकन. घेताना पानं चाळून बघा: बुरशीचा वास, कसरीने कुरतडलेली कड, भरलेली कोडी दिसली तर तिथेच परत. पहिल्या पानावर ‘वाढदिवसाची भेट’ असं काही लिहिलेलं असेल तर पालकांना पुन्हा एकदा विचारा. कण्यावर वयोगटाप्रमाणे दोन रंगांच्या टिकल्या लावा आणि टोकनांपेक्षा चार-पाच पुस्तकं जास्त ठेवा, म्हणजे शेवटच्या मुलालाही निवडायला काही उरतं.