मदत हवी आहे : बोटीच्या इंजिनाचे कूलिंगचे भाग बदलले, तरी वेग वाढवला की इंजिन तापते

नमस्कार. आमचे गाव करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठावर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये गावाला पाण्याचा वेढा पडला, तेव्हा बाहेरून बोट येईपर्यंत म्हातारी माणसे आणि लहान मुले माळ्यावर बसून राहिली होती. म्हणून आमच्या तरुण मंडळाने वर्गणी काढून मालवणकडची एक जुनी फायबरची बोट विकत घेतली. तिच्यात आत बसवलेले चार सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका, आणि धोक्याच्या पातळीनंतर आमच्याकडे यायला रस्ता उरत नाही. त्याआधी ही बोट खात्रीने चालली पाहिजे.

इंजिनात कूलंट बंदिस्त फिरते. बाहेरचे पाणी तळाच्या कॉकमधून जाळीत, तिथून रबरी इम्पेलरच्या (पात्यांच्या चाकाच्या) पंपात, मग गिअरबॉक्सच्या ऑइल कूलरमधून हीट एक्स्चेंजरमध्ये (जिथे ते कूलंटची उष्णता घेते) जाते आणि शेवटी एल्बोमध्ये (धुराच्या वाकड्या नळीत) धुरात मिसळून सायलेन्सरमार्गे बाहेर पडते. बोट घेतली तेव्हा पंप उघडला, तर इम्पेलरच्या सहा पात्यांपैकी दोन तुटलेली होती आणि तुकडे पंपात सापडले नाहीत. उद्यमनगरातील एका अनुभवी फिटरकडून आम्ही नवा इम्पेलर, पंपाचे सील, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा वॉल्व्ह), सर्व पॅकिंग आणि जाळीपासून पंपापर्यंतचा होज पाईप बदलून घेतला. हीट एक्स्चेंजर बाहेरून साफ केला, पण त्याची टोकाची झाकणे उघडली नाहीत.

आता इंजिन स्लोवर तासभर चालले तरी तापमान ८० अंशांच्या पुढे जात नाही. मात्र २००० आरपीएमवर पंधरा मिनिटांत काटा ९५ वर जातो आणि आम्हाला वेग कमी करावा लागतो. थर्मोस्टॅट पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर धरून तपासला. तो ७६ अंशांना उघडू लागतो. कूलंट भरताना वरचा बोल्ट सैल करून हवा काढली असून टाकीतील पातळी खाली गेलेली नाही. बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून मोजले. ८०० आरपीएमला १० लिटरची बादली भरायला ४० सेकंद लागतात, तर २००० ला ३० सेकंद.

फिटरचे म्हणणे असे की थर्मोस्टॅट काढूनच टाकावा. शेतीच्या इंजिनांत त्यांनी असे अनेकदा केले आहे. माझे मन त्याला तयार नाही. दोष नेमका कुठे शोधावा आणि पुराच्या गढूळ पाण्यासाठी आणखी कोणते भाग बदलावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

आपण बादलीने मोजमाप घेतले, त्यामुळे काम सोपे झाले आहे. रबरी इम्पेलरचा पंप साधारणपणे फेऱ्यांच्या प्रमाणात पाणी देतो. ८०० वरून २००० म्हणजे अडीच पट फेऱ्या. तेव्हा ४० सेकंदांची बादली १६ सेकंदांच्या आसपास भरायला हवी होती. ती ३० सेकंद घेते, याचा अर्थ दोष बाहेरच्या पाण्याच्या वाटेत आहे. थर्मोस्टॅटला हात लावू नका. तो काढला की इंजिन हलक्या कामावर थंड राहते आणि डिझेल नीट जळत नाही. शिवाय ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासची (एक्स्चेंजर टाळून जाणारी) वाटही बंद करतो, तिथे तो काढल्यावर गरम कूलंट एक्स्चेंजरकडे न जाता आतल्या आतच फिरत राहते.

माझा पहिला संशय नव्या होज पाईपवर आहे. पंपाच्या ओढीच्या बाजूला आत तार गुंफलेलाच पाईप लागतो. साधा रेडिएटरचा पाईप बसवला असेल, तर तो स्लोवर ठीक दिसतो आणि वेग वाढला की आतल्या ओढीने चपटा होतो. एकाने २००० वर इंजिन धरावे आणि दुसऱ्याने बॅटरीच्या उजेडात पाईप पाहावा. जाळीच्या झाकणाचे पॅकिंग हवा ओढत नाही ना, हेही त्याच वेळी पाहा.

दुसरा संशय हरवलेल्या पात्यांवर. ती पंपानंतरच्या पहिल्या अरुंद जागी अडकतात, म्हणजे आपल्या बोटीत ऑइल कूलरच्या तोंडाशी किंवा एक्स्चेंजरच्या झाकणात. झाकण काढण्यापूर्वी त्यावर आणि बॉडीवर खूण करा, कारण आतला आडवा पडदा चुकीच्या बाजूला फिरला तर पाणी अर्ध्या नळ्यांना वगळून निघून जाते. नळ्या लाकडी काडीने साफ करा, लोखंडी सळई घालू नका. शेवटी एल्बो उतरवा. समुद्रावर चाललेल्या बोटीत तो आतून गंज आणि काजळीने बराच अरुंद झालेला असतो.

बोट आता गोड्या पाण्यात आली आहे, म्हणून एक्स्चेंजरमधील जस्ताचा अॅनोड (गंज स्वतःवर घेऊन बाकीचे भाग वाचवणारा तुकडा) बदलून अॅल्युमिनियमचा घाला. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि त्याचे काम थांबते. पुरात जलपर्णी आणि प्लास्टिक जाळीत सतत अडकणार, तेव्हा दोन जाळ्या शेजारी शेजारी बसवून मधे कॉक ठेवा, म्हणजे एक साफ करताना दुसरी चालू राहील. तळाबाहेर कूलंटच्या नळ्या बसवण्याची पद्धतही आहे आणि तिच्यात गाळ आत येत नाही. परंतु पाण्याखाली गेलेली कुंपणे आणि उसाचे फड यांवरून जाणाऱ्या बोटीला मी ती सुचवणार नाही.

एक गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून शिकवा. इंजिन सुरू होत नसेल आणि स्टार्टर पुन्हा पुन्हा मारावा लागत असेल, तर तळाचा कॉक आधी बंद करा. नाहीतर पंप पाणी भरत राहतो, धुराचा जोर नसल्याने सायलेन्सर तुडुंब होतो आणि ते पाणी मागे सिलिंडरमध्ये शिरते. इंजिन लागताक्षणी कॉक उघडा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपले मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे पाहिले, तर १६०० आरपीएमच्या पुढे होज पाईप खरोखरच मधोमध दबत होता. तार असलेला पाईप दोन्ही टोकांना दोन दोन स्टेनलेस क्लिप लावून बसवला. ऑइल कूलरच्या तोंडाशी एक पाते सापडले आणि दुसरे एक्स्चेंजरच्या झाकणात नळ्यांवर आडवे पडलेले होते. एल्बो उतरवून पाहिला, त्याची वाट मोकळी आहे.

आता २००० ला बादली १७ सेकंदांत भरते आणि अर्धा तास चालवूनही काटा ८२ वर स्थिर राहिला. फिटरना बोलावून हे सर्व दाखवले; त्यांनीही पाईप हातात घेऊन नीट पाहिला आणि थर्मोस्टॅट राहू द्यावा असे मान्य केले. दुसरी जाळी याच आठवड्यात बसवत आहोत. गाळाने इम्पेलर लवकर झिजेल हे धरून दोन जादा इम्पेलर, झाकणाचे पॅकिंग आणि ते बसवताना लावायला भांड्याचा साबण एका डब्यात घालून बोटीवर ठेवला आहे. कॉकविषयीची सूचना मोठ्या अक्षरांत लिहून स्टार्टरच्या चावीशेजारी चिकटवली आहे.

अॅल्युमिनियमचा अॅनोड मात्र कोल्हापुरात मिळाला नाही. तो नेमक्या मापात मालवण किंवा रत्नागिरीकडे कुठे मिळेल, हे कोणाला माहीत असल्यास कृपया कळवावे. जुन्याचा आटा मोजून ठेवला आहे.