बाबांच्या जुन्या लॅपटॉपवर मिंट, डेबियन की फेडोरा?

मुक्काम_पुणे
मिरजेला बाबांकडे २०१४ चा लॅपटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि ११ त्यावर अधिकृतपणे बसत नाही, कारण त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मशीन मात्र ठणठणीत आहे, टाकून द्यायला जीव होत नाही.
बाबा ७२ वर्षांचे. बातम्या, यूट्यूबवर कीर्तनं आणि ज्येष्ठ नागरिक संघाची पत्रं मराठीत टाइप करून छापणं, एवढाच वापर. मी महिन्यातून एकदा जातो. विंडोजच्या जागी लिनक्स टाकायचं हे पक्कं. मिंट, डेबियन, फेडोरा या लिनक्सच्याच वेगवेगळ्या तयार आवृत्त्या, म्हणजे डिस्ट्रो. मन मिंटकडे ओढतंय. विरोध असेल तर आत्ताच करा.

साडेतीन_शहाणा
विरोध आहे. मिंट उबुंटूवर उभं, उबुंटू डेबियनवर उभं. मग मूळ झऱ्याचं पाणी का नको? डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं, तीन वर्षं पूर्ण देखभाल आणि पुढे दोन वर्षं सुरक्षेपुरती. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप, म्हणजे मेनू-खिडक्यांचा साज, घ्या. मधल्या काळात काही हलत नाही, आणि बाबांच्या वयाला हेच हवं असतं. रोज सकाळी मेनू जागेवर असला पाहिजे.

रंकाळ्याकाठी
झऱ्याचं पाणी गोड असेल हो, पण घागर कोण वाहणार? मी २०१९ मध्ये घरी डेबियन टाकलं होतं. वायफाय दिसेना. फर्मवेअर, म्हणजे वायफायच्या चिपला लागणारं सॉफ्टवेअर, दुसऱ्या मशीनवर उतरवा, पेनड्राइव्हवर घ्या, मग चालवा. दोन रात्री गेल्या राव! त्याच लॅपटॉपवर मिंट टाकलं, वीस मिनिटांत बायको मालिका बघत बसली.

साडेतीन_शहाणा
ती जखम जुनी आहे. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं.

रंकाळ्याकाठी
बरं, वायफाय सोडलं. पण मिंटमध्ये टाइमशिफ्ट आधीपासून असतं. अपडेटने काही बिघडलं तर कालच्या अवस्थेत परत जाता येतं.

साडेतीन_शहाणा
टाइमशिफ्ट डेबियनच्या भांडारातही आहे. एका आज्ञेत येतं.

रंकाळ्याकाठी
त्या एका आज्ञेसाठीच काका रात्री साडेनऊला पुण्याला फोन लावणार!

न्यू_जर्सीकर
तुमचं भांडण रंगलंय, पण फेडोराचं कुणी नावच घेत नाही. ४ जीबी रॅम म्हणता ना? फेडोरात झेडरॅम आपोआप चालू असतं, म्हणजे रॅम भरली की त्यातलाच मजकूर दाबून बसवला जातो. जुन्या हार्ड डिस्कवर खरखर होत नाही. फरक जाणवतो, मी आईच्या मशीनवर पाहिलाय.

मुक्काम_पुणे
पण फेडोराची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि एकेकीचा सांभाळ साधारण १३ महिनेच. म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठा बदल ठरलेला. शिवाय काही व्हिडिओंसाठी आरपीएम फ्यूजन हे जादा सॉफ्टवेअरचं भांडार वेगळं जोडावं लागतं. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत बघावं लागणार नाही. झेडरॅम तर मिंटवरही बसवता येतं.

न्यू_जर्सीकर
'बसवता येतं' हे मघाशी डेबियनवाल्यांनी म्हटलं तेव्हा चाललं नाही!

प्रिंटर_पीडित
प्रिंटर कोणता आहे?

नाशिकची_बाई
मी शाळेत संगणक शिकवते. तुम्ही सगळे डिस्ट्रोवर भांडताय, पण काका टाइप कसं करतात हे कुणी विचारलंच नाही. इनस्क्रिप्टवर, म्हणजे मराठी कळफलकाच्या ठरलेल्या मांडणीवर, बोटं बसली असतील तर प्रश्न मिटला, विंडोज असो वा लिनक्स, अक्षरं त्याच जागी. पण 'mi' लिहून 'मी' उमटवायची सवय असेल तर आयबस किंवा एफसीआयटीएक्स या भाषा बदलणाऱ्या प्रोग्रामबरोबर एम१७एन हा टायपिंग पद्धतींचा संच टाकावा लागेल. त्यात मराठीच्या अनेक पद्धती आहेत, आपली 'गमभन'सुद्धा! हे तिन्ही डिस्ट्रोंवर मिळतं, पण काकांच्या हातून बसायचं नाही. ते तुम्हीच करा आणि भाषा बदलायची कळ कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा.
दुसरं, जुनी पत्रं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठेही वाचता येतील अशा अक्षरांत आहेत की डीटीपीवाल्यांच्या फॉन्टात? तसल्या फॉन्टात असतील तर फॉन्टची फाइल नव्या मशीनवर नेली की लिब्रेऑफिसमध्ये ती वाचता येतात. तोच मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की मात्र नुसता कचरा. विंडोज पुसण्याआधी फॉन्ट काढून घ्या. आमच्याकडे एकाने आधी पुसलं, मग विचारायला आला.

मुक्काम_पुणे
बाई, हे डोक्यातच नव्हतं. बाबा मिंग्लिश पद्धतीनेच लिहितात. जुन्या फाइली आहेत, फॉन्ट बघतो.

साडेतीन_शहाणा
बाईंना अनुमोदन. तरीही डेबियन.

प्रिंटर_पीडित
तिसऱ्यांदा विचारायला लावू नका. काही स्वस्त लेझर प्रिंटर स्वतः डोकं चालवत नाहीत, पान तयार करण्याचं काम संगणकावर टाकतात. त्याचा लिनक्स ड्रायव्हर धड नसला की डिस्ट्रो कोणतीही घ्या, कागद कोराच बाहेर येतो. मी यात एक अख्खी दिवाळी घालवलीय.

रंकाळ्याकाठी
अजून एक, काकांना पुण्यातून मदत करायची तर रस्टडेस्क हा दुरून स्क्रीन हाताळायचा प्रोग्राम लागेल. फेडोराच्या मुख्य आवृत्तीत आता वेलँड ही स्क्रीनवर चित्र उमटवणारी नवी यंत्रणा आहे, तिथे दुसऱ्याला स्क्रीन दाखवायची तर समोर बसलेल्याला बहुतेक वेळा परवानगीची चौकट दाबावी लागते. एक्सएफसीईवाल्या मिंटमध्ये जुनं एक्स११ आहे, काम सरळ होतं.

साडेतीन_शहाणा
डेबियनच्या एक्सएफसीईतही तेच आहे. सहज सांगितलं.

मुक्काम_पुणे
बाबांनी मागची पट्टी फोनवर वाचून दाखवली. प्रिंटर एचपीचा, इंकजेट.

प्रिंटर_पीडित
सुटलात! एचपीलिप हा एचपी प्रिंटरांचा ड्रायव्हर मिंट-डेबियन दोन्हीकडे आहे. लेझर असता तर काही मॉडेलांना वेगळा प्लगइन उतरवावा लागतो.

मुक्काम_पुणे
फेडोरा बाद, न्यू जर्सीकरांनी राग मानू नये. शनिवारी दोन पेनड्राइव्ह घेऊन मिरजेला चाललोय, एकात मिंट, एकात डेबियन, दोन्ही एक्सएफसीई. डिस्कला हात न लावता दोन्ही पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवतो, एम१७एन चढवतो आणि बाबांना संघाच्या सहलीची सूचना टाइप करायला बसवतो. तिच्यात 'दऱ्याखोऱ्यांत' आहे आणि 'ॲम्ब्युलन्स'ही, म्हणजे अवघड अक्षरांची परीक्षा होईल. मग प्रिंट.

साडेतीन_शहाणा
डेबियनचा पेनड्राइव्ह आधी लावा.