स्टॉकहोम-हेलसिंकी: विमानच स्वस्त पडतं का?

वर कुणीतरी लिहिलंय की स्टॉकहोमहून हेलसिंकीला विमानच परवडतं, तासाभरात पोचतो. मला हे पटत नाही. आर्लांडा विमानतळ शहरापासून जवळजवळ ४० किमी. तिथवरचं भाडं, बॅगेचे वेगळे पैसे आणि हॉटेलची एक रात्र धरा, मग बोला. त्यापेक्षा रात्रभर प्रवास करणारी बोट घ्या, झोपायची सोय त्यातच होते. तिथे पैसे साधारण माणशी नाही, केबिनमागे असतात, त्यामुळे चौघांचं कुटुंब असेल तर फारच स्वस्त पडतं. बिनखिडकीची केबिन घ्या, झोपण्यापुरती पुरे. संध्याकाळी सुटल्यावर पहिले काही तास बोट बेटांमधून इतकी जवळून जाते की काठावरची लाल लाकडी घरं, धक्क्याला बांधलेल्या होड्या स्पष्ट दिसतात. तेव्हा जेवायला बसू नका, डेकवर थांबा! जाकीट मात्र हवंच, उन्हाळ्यातही. सकाळी उतरलात की हेलसिंकीचा बाजारचौक चालत गाठता येतो. शुक्रवारी बोटीवर गाणी-नाच उशिरापर्यंत चालतात, म्हणून लहान मुलं असतील तर आठवड्यातला मधला वार बघा.

नॉर्वेतल्या ऑस्लो-बर्गनला मात्र डोळे झाकून ट्रेन. साडेसहा-सात तास लागतात, पण १,२२२ मीटरवरचं फिन्से स्टेशन विमानातून कसं दिसणार? तिकीट लवकर काढा, बरंच स्वस्त मिळतं.