लग्न मोडलं, पलंग अर्धा झालाय. विसाराचं काय करू?

सागवानी (कराड):
नमस्कार. माझं छोटं वर्कशॉप आहे, मी आणि दोन कारागीर. महिन्यापूर्वी ओळखीच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नात द्यायला पलंग सांगितला. साडेसहा बाय सहा, कातीव पाय आणि डोक्याकडच्या फळीवर वेलीत गुंफलेली दोघांची अक्षरं. 82,000 ला ठरलं. विसार 20,000 घेतला, पावतीवर 'पलंगासाठी' एवढंच लिहिलं. वखारीतून सीपी साग आणला, म्हणजे आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. साडेनऊ घनफूट, 3,400 च्या भावाने 32,300. कारागिराचे सहा दिवस 6,000, सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कोरीव मशीनवर) नक्षी 4,500. विसार वजा जाता माझे 22,800 अडकलेत.

परवा त्यांचा फोन आला, लग्न मोडलं. पैसे परत द्या असं ते म्हणाले नाहीत. "कसं करायचं ते तुम्हीच सांगा," म्हणाले. मला काही बोलताच आलं नाही. फळी भिंतीला टेकवून ठेवलीय, आत शिरलं की अक्षरंच दिसतात. सगळा विसार ठेवून घ्यायला मन धजत नाही, आणि परत द्यावा तर वखारीची उधारी कशी भागवू?

रंधापटाशी (कोल्हापूर):
दादा, अडकलेले पैसे वेगळे आणि बुडालेले वेगळे. साग कुठे जात नाही. पाय आणि बाजूच्या पाट्या पुढच्या पलंगाला लागतील. अक्षरं किती खोल आहेत? चार मिमी असतील आणि फळी सव्वा इंची असेल, तर पाच मिमी रंधून काढा, तरी 27 मिमी उरते. पण हिशेब मिटेपर्यंत फळीला हात लावू नका, आधी फोटो काढून ठेवा.

हिशेबवही (पुणे):
कायद्याचं थोडं सांगते. भारतीय करार कायदा, 1872. कलम 74 प्रमाणे करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाईच मिळते, दंड म्हणून वाटेल ती रक्कम नाही. विसार जप्त करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयानेही 2015 मध्ये हाच धागा धरला. कलम 73 मध्ये तर नुकसान कमी करायला तुमच्या हातात काय होतं, तेही बघायला सांगितलंय. त्यामुळे पूर्ण 32,300 लाकूड 'बुडालं' असं धरता येणार नाही. वखारीचं बिल, मजुरीची नोंद, नक्षीची पावती असं एका कागदावर मांडा आणि त्यांच्यासमोर ठेवा.

घरचाकारखाना (नाशिक):
भाऊ, आम्ही यातून पोळलोय. आता लाकडाच्या किमतीएवढा विसार हातात आल्याशिवाय मिस्टर वखारीची पायरी चढत नाहीत. करवत लावायच्या आदल्या दिवशी मी गिऱ्हाईकाला व्हॉट्सॲप करते: 'उद्या कापतोय, आज रद्द केलंत तर वाहतूक वजा करून सगळे पैसे परत. कापल्यावर लाकूड आणि मजुरी धरू.' त्यांचं 'हो' आलं की मगच मशीन चालू. नाव, अक्षरं, देवाचं चित्र असलं काही कोरायचं असेल तर त्याचे पैसे आधी, पूर्ण. कुणाला अजून राग आलेला नाही.

सागवानी (कराड):
सगळ्यांचे आभार. हिशेबवही ताईंनी सांगितलं तसा कागद केला. मजुरी 6,000, नक्षी 4,500, कापण्यात आणि रंधण्यात जाणारं दीड घनफूट लाकूड 5,100. एकूण 15,600. म्हणजे 4,400 परत द्यायचे निघाले. बाकीचं लाकूड माझं, ते मी विकेन. वखारवाल्याने दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलंय.

काल त्यांच्या घरी गेलो. त्यांनी एकेका आकड्यावर बोट ठेवत कागद वाचला, नक्षीच्या आकड्याशी थांबले. मग पैसे मोजून खिशात ठेवले आणि एवढंच म्हणाले, "ती फळी कुणाला दाखवू नका."

आज सकाळी कारागीर यायच्या आत ती रंधून टाकली. मग शटर उघडलं.