डोंगरवाटेवर लष्करी कपडे: घ्यावेत का, आणि घेतले तर कोणते?

पायवाट:
मागच्या महिन्यात आम्ही सहा जण दाट झाडीच्या उतारावरून खाली येत होतो. सर्वांत मागे असलेल्या मित्राचा घोटा मुरगळला, म्हणून तो वाटेपासून पंधरा-वीस पावलांवर एका खोडाला टेकून बसला. आणि त्याला शोधायला परत फिरलेले आम्ही दोघे त्याच्या समोरून दोन वेळा निघून गेलो. त्याच्या अंगात हिरव्या, तपकिरी आणि काळ्या चट्ट्यांचे जुने लष्करी जाकीट होते, पाठीवर तशाच कापडाची पिशवी होती आणि डोक्यावर तशीच टोपी. वाऱ्याच्या आवाजात त्याच्या हाका विरून जात होत्या. शेवटी त्याने मोबाइलचा दिवा लावून हलवला, तेव्हा कुठे तो आम्हाला दिसला. जाकिटाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ज्या कामासाठी ते कापड छापले गेले होते ते काम त्याने चोख बजावले होते.

त्या दिवसापासून माझे एक मत बनले आहे आणि ते वादासाठी येथे मांडतो. लष्कराने जादा ठरवून विकलेले सामान घेणे ही एक गोष्ट आहे आणि कॅमोफ्लाज, म्हणजे लपवणारा चट्टेरी छाप, अंगावर चढवणे ही दुसरी. आपण या दोहोंची सरमिसळ करतो. पहिल्या गोष्टीला माझा पाठिंबा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराचे नायलॉनचे दोर, कॅराबिनर (दोर अडकवायच्या कड्या) आणि झोपायच्या पिशव्या बाजारात आल्या नसत्या, तर अमेरिकेतील गिर्यारोहकांच्या त्या पिढीतील कित्येकांना हा छंद परवडलाच नसता. कॅमोफ्लाजचे मात्र तसे नाही. 1915 साली फ्रेंच सैन्याने चित्रकारांना हाताशी धरून तोफा आणि मोर्चे लपवण्यासाठी स्वतंत्र पथक उभारले, आणि पाहणाऱ्याची नजर वस्तूवरून घसरून जावी हाच त्या कलेचा हेतू तेव्हापासून राहिला आहे. हौशी भटकंतीला निघालेल्या माणसाला कोणाच्या नजरेतून निसटायचे असते? लष्करी माल जरूर घ्यावा, पण एकरंगी घ्यावा. चट्टेरी टाळावा, असे मला वाटते.

जुनेतेसोने:
आपल्या मित्राचा घोटा आता बरा असेल अशी आशा आहे, परंतु आपण काढलेला निष्कर्ष अर्धवट आहे. एकरंगी लष्करी कापड म्हणजे न लपवणारे कापड, हे गृहीतकच चुकीचे आहे. खाकीचा जन्म लपण्यासाठीच झाला. 1846 साली हॅरी लम्सडेन यांनी वायव्य सरहद्दीवर उभारलेल्या गाइड्स पलटणीने धुळीत मिसळून जाणारा रंग स्वीकारला, आणि खाक म्हणजे धूळ या शब्दावरूनच त्याला नाव मिळाले. अमेरिकी लष्कराचे 1965 चे प्रसिद्ध एम-65 जाकीट एकरंगी ऑलिव्ह हिरवे आहे. ते घालून आपला मित्र त्याच खोडाला टेकून बसला असता, तरी आपण दोनदा त्याच्या समोरून गेला असतात. भटकंतीचे महागडे साहित्य बनवणाऱ्या कंपन्या शेवाळी, राखाडी आणि मातकट रंगांची जाकिटे हौसेने विकतात, त्यांच्याविरुद्ध मात्र कोणी धागा काढत नाही.

उलट, सगळेच कॅमोफ्लाज लपवते असेही नाही. अमेरिकी भूदलाने 2004 साली वाळवंट, शहर आणि जंगल या सर्वांसाठी एकच राखाडी ठिपक्यांचा छाप आणला. तो कुठेच नीट जमला नाही. 2010 मध्ये अफगाणिस्तानातील तुकड्यांना दुसरा छाप द्यावा लागला आणि 2019 पर्यंत जुना पूर्णपणे मागे घेतला गेला. हिरव्यागार रानात तो छाप घालून बसलेला माणूस भिंतीवर चुना उडाल्यासारखा उठून दिसतो. तेव्हा छापावर बंदी घालण्यापेक्षा टोपी नारिंगी घालावी, म्हणजे पैसेही वाचतात आणि माणूसही सापडतो.

शोधपथक:
मी हरवलेल्या माणसांच्या शोधात स्वयंसेवक म्हणून जातो, त्यामुळे नारिंगी टोपीविषयी थोडे सांगणे भाग आहे. टोपी ही पहिली वस्तू आहे जी पडताना डोक्यावरून उडते. जो माणूस बेशुद्ध आहे तो बहुधा आडवा असतो, आणि वरच्या धारेवरून किंवा हेलिकॉप्टरमधून पाहणाऱ्याला त्याची पाठ किंवा पाठपिशवी दिसते, कपाळ नव्हे. म्हणून रंग लावायचाच असेल तर तो पिशवीच्या आवरणाला आणि खांद्यांना लावावा.

एकरंगी ऑलिव्हसुद्धा लपवते, हे जुनेतेसोने यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण दोहोंत फरक आहे. एकरंगी कपड्यातील माणसाची आकृती शाबूत राहते, म्हणजे डोके, खांदे आणि हात यांची ओळखीची बाह्यरेषा डोळा पकडू शकतो. चट्टेरी छाप नेमकी तीच रेषा मोडतो. दुर्बीण घेऊन उतार तपासताना आम्ही रंग आणि आकृती या दोनच गोष्टी शोधत असतो, आणि कॅमोफ्लाज घालणारा दोन्ही काढून घेतो.

आणखी एक गोष्ट. लपणे हा ज्यांच्या छंदाचा गाभा आहे असे शिकारीसुद्धा अमेरिकेच्या अनेक राज्यांत आणि कॅनडाच्या काही प्रांतांत हंगामात भडक नारिंगी घालतात, कारण तसा कायदाच आहे. हरणाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असल्यामुळे नारिंगी त्याला आपल्यासारखा भडक भासत नाही, पण दुसऱ्या बंदूकधाऱ्याला तो लांबून दिसतो. त्याच रानात त्याच हंगामात चट्टेरी जाकीट घालून फिरायला जाणाऱ्या हौशी माणसाला काय म्हणावे, ते मी लिहीत नाही.

पंखपाखरू:
कोणाच्या नजरेतून निसटायचे आहे, या प्रश्नाला माझे उत्तर सरळ आहे: पक्ष्यांच्या. मी छायाचित्रणासाठी पाणवठ्याजवळ तीन-तीन तास एका जागी बसतो, आणि आकृती मोडणारा छाप घातल्यावर पक्षी अधिक जवळ येतात हा माझा अनुभव आहे. माझ्या फोटोपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे ते दचकून उडत नाहीत; घरट्यावरचा पक्षी वारंवार उठला तर अंडी थंड पडतात. सुरक्षिततेच्या नावाखाली सर्वांनी पेटत्या रंगांत रानात शिरावे, हा आग्रह माणूस सोडून इतर कोणाचा विचार न करणारा आहे.

अर्थात, कॅमोफ्लाजवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की दिवसा वावरणाऱ्या बहुतेक पक्ष्यांच्या डोळ्यात रंगपेशी चार प्रकारच्या असतात आणि अनेकांना अतिनील प्रकाशही दिसतो. कपडे पांढरे शुभ्र करणाऱ्या धुण्याच्या पावडरीतील चमकद्रव्ये अतिनील प्रकाशात उजळतात, त्यामुळे अशा पावडरीत धुतलेले उत्तमातले उत्तम लष्करी जाकीट पक्ष्याला वेगळेच दिसत असावे. आणि हात हलवलात तर कोणताही छाप उपयोगाचा नाही.

पायवाट:
पंखपाखरू, आपला मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, हे कबूल करतो. पण मग कॅमोफ्लाज हे बसण्याच्या जागेचे साधन झाले, चालण्याचा पोशाख नव्हे. पाणवठ्यावर पोहोचल्यावर पिशवीतून चट्टेरी जाळी काढून अंगावर घ्यावी आणि उठताना घडी करून ठेवावी.

पंखपाखरू:
आपण सुचवता तसे मी काही वर्षे केले. भिंग, तिकाटणे आणि पाणी वाहून नेल्यावर जाळीचे वजन खांद्याला विचारून पाहावे. मी आता जाकीटच घालतो आणि पिशवीवर पिवळे आवरण ठेवतो. बसताना ते काढतो.

निवृत्त:
मी वीस वर्षांहून अधिक काळ गणवेश घातला आहे, म्हणून विचारले जाण्याआधीच सांगतो की नागरिकांनी लष्करी कापड घातल्याने माझा अपमान होत नाही. ते कापड घामाने भिजते, फाटते आणि शेवटी त्याचे पोतेरे होते. त्याला पावित्र्य चिकटवणारे बहुतेक लोक ते कधी धुवावे न लागलेले असतात. माझा आक्षेप बिल्ल्यांना, पदचिन्हांना आणि छातीवरच्या नावपट्ट्यांना आहे. एका निवाऱ्यात एक तरुण दुसऱ्या कोणाचे तरी नाव शिवलेले जाकीट घालून बसला होता आणि कोणती पलटण असे विचारल्यावर हसला. ती नावपट्टी उसवायला दोन मिनिटे लागली असती. सैनिक असल्याचा समज करून देण्यासाठी गणवेश घालणे हा पुष्कळ देशांत गुन्हा आहे, आणि हेतू तसा नव्हता हे सिद्ध करत बसण्यापेक्षा उसवणे सोपे आहे.

दुसरा मुद्दा येथे कोणी काढला नाही. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने अनियमित लढवय्यांनाही दुरून ओळखू येईल असे ठरावीक चिन्ह बाळगण्याची अट घातली आहे, कारण लढणारा आणि न लढणारा यांतला फरक दिसला तरच न लढणाऱ्याचा जीव वाचतो. ज्या प्रदेशात सीमेवर तणाव आहे किंवा सशस्त्र टोळ्या फिरतात तेथे नागरिकाचे साधे कपडे हे त्याचे चिलखत असते. तेथे चट्टेरी पाटलोण घालून पदभ्रमणाला जाणारा माणूस ते चिलखत स्वतःच्या हाताने उतरवतो.

सीमापार:
निवृत्त यांच्या म्हणण्याला पुरवणी जोडतो. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद आणि टोबॅगो, सेंट लुसिया या कॅरिबियन देशांत नागरिकांनी कॅमोफ्लाज घालणे कायद्याने मना आहे. तेथे हेतूचा प्रश्नच येत नाही आणि लहान मुलांच्या कपड्यांनाही सूट नाही. झिंबाब्वेतही तसेच आहे. प्रवासी सामानात अशी टोपी किंवा पिशवी असेल तर ती घरीच ठेवावी.

जुनेतेसोने:
हे त्या त्या देशांचे कायदे आहेत आणि तेथे जाणाऱ्याने ते पाळावेत, यात वाद नाही. पण एका बेटावर मना आहे म्हणून दुसऱ्या खंडातील डोंगरावर ते वाईट ठरत नाही.

मूकवाट:
कायदा, हरणे आणि हेलिकॉप्टर बाजूला ठेवून एक अस्वस्थता नोंदवते. एकटी चालत असताना वळणावर अचानक लष्करी वेषातला अनोळखी पुरुष समोर आला, तर माझी पहिली भावना भीतीची असते. ज्यांनी यादवी युद्ध किंवा लष्करी राजवट अनुभवली आहे त्यांची काय अवस्था होत असेल, याची मी केवळ कल्पना करू शकते. आपण मौजेसाठी जे घालतो ते दुसऱ्याच्या आठवणीत काय ढवळते, याचा विचार करायला पैसे पडत नाहीत.

जुनेतेसोने:
आपली भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु कपड्याचा अर्थ एकच नसतो. 1967 मध्ये अमेरिकेत युद्धविरोधी माजी सैनिकांची संघटना स्थापन झाली आणि तिच्या मोर्च्यांत लोक लष्कराचीच जाकिटे घालून चालले. पुढे तेच जाकीट विद्यार्थ्यांनी युद्धाचा निषेध म्हणून घातले. 1986 मध्ये अँडी वॉरहॉल यांनी कॅमोफ्लाजचा छाप गुलाबी आणि निळ्या रंगांत रंगवून त्यातला सगळा दरारा काढून टाकला.

मूकवाट:
त्या माजी सैनिकांनी स्वतःची जाकिटे घातली होती, आणि ती घालण्याचा अर्थ त्यांनी फलकांवर लिहून दाखवला होता. वळणावर भेटणाऱ्या माणसाच्या हातात फलक नसतो.

सुईदोरा:
छापावर एवढे रण माजले असताना लष्करी माल जरूर घ्यावा हे पायवाट यांचे वाक्य कोणीच तपासले नाही, याचे मला नवल वाटते. मी असे कपडे आणि बूट दुरुस्त करतो. लष्करी कापड टिकाऊ असते हे खरे. त्यातील जाड धाग्यांच्या चौकटींमुळे फाटलेले भोक पसरत नाही आणि ताण येणाऱ्या जागी आडवी भक्कम शिलाई असते. पण टिकाऊ म्हणजे डोंगराला योग्य असे नव्हे. अमेरिकी लष्कराचे 1981 पासूनचे जंगली छापाचे नेहमीचे कपडे निम्मे सूत आणि निम्मे नायलॉन यांचे, आणि कडक उन्हाळ्यासाठीचा जुना प्रकार शंभर टक्के सुती. सुती कापड भिजले की पाणी धरून ठेवते आणि अंगातली ऊब ओढून घेते. थंड पावसात वाऱ्यावर चालणाऱ्याला ते धोक्याचे आहे. त्याऐवजी लोकरीची जुनी बनियन किंवा स्वेटर घ्यावा, कारण लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते.

बुटांचे तर विचारूच नका. पॉलियुरेथेनचा मधला तळवा वापरला नाही तरी हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो, आणि दहा-पंधरा वर्षे गोदामात पडून असलेला कोरा करकरीत बूट पहिल्याच चढणीवर भाकरीच्या तुकड्यासारखा भुगा होऊन सुटतो. जुन्या रेनकोटाचे आतले लेपनही असेच चिकट होऊन सोलून निघते. घेताना तळवा अंगठ्याने दाबून आणि बूट वाकवून पाहावा, लेपनाला नख लावून पाहावे. लष्कर वस्तू टाकते तेव्हा कधी ती जादा असते म्हणून टाकते आणि कधी ती संपलेली असते म्हणून. विकणारा दोन्हींना एकाच ढिगात ठेवतो.

पायवाट:
सुईदोरा, माझे स्वतःचे बूट आताच वाकवून पाहिले. डाव्या तळव्याला भेग आहे.

मुरगळलेला:
पहिल्या परिच्छेदातला मित्र तो मीच, म्हणून दोन दुरुस्त्या करतो. आपण माझ्या समोरून दोन वेळा नव्हे, तीन वेळा गेलात. तिसऱ्या वेळी आपण भ्रमणध्वनीवर माझ्याच बेजबाबदारपणाविषयी बोलत होतात आणि ते मला स्वच्छ ऐकू येत होते. दुसरी गोष्ट अशी की माझी शिट्टी पिशवीच्या तळाशी, ओल्या मोज्यांखाली होती. मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग मिनिटभर थांबणे, हा आल्प्समधील संकटाचा संकेत मला तोंडपाठ आहे, आणि शिट्टी हाताशी असती तर माझ्या अंगात चट्टेरी जाकीट आहे की वराचा शेला, याने काही फरक पडला नसता.

जाकीट मी टाकणार नाही, कारण त्याचे खिसे आणि त्याची शिलाई मला दुसरीकडे कुठे मिळाली नाही. शोधपथक यांचे वाचून मात्र पिशवीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नारिंगी कापड शिवले आहे, म्हणजे झाकण उलटे टाकले की ते आभाळाकडे उघडे राहते. पंखपाखरू यांना बसताना ते मिटून ठेवता येईल. शिट्टी आता खांद्याच्या पट्ट्याला बांधली आहे.

शोधपथक:
झाकण उलटे टाकायला शुद्धीवर असावे लागते. कापड बाहेरच्या बाजूला शिवावे.