शब्दचर्चा: ‘रिगिंग’ला मराठीत काय म्हणावं? (आणि डोलकाठी खरंच डोलते का?)

पेठेतला सुतार

मंडळी, अडलोय. गेली अडीच वर्षं घराच्या गॅलरीत एक जहाज बांधतोय. १:७२ प्रमाणातलं, त्यामुळे सोसायटीच्या परवानगीचा प्रश्न आला नाही. ट्रिंकोमाली नावाची फ्रिगेट, म्हणजे शिडांचं लढाऊ जहाज आहे. मूळ जहाज १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया या जहाजं बांधणाऱ्या घराण्याने ब्रिटिश आरमारासाठी सागवानात बांधलं आणि ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. त्याच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट, माझ्या टेबलावर तेवढाच भाग २५ इंच. शेजारी कार्डशीट आणि माउंट बोर्डचं एक गलबत केलंय, आंग्र्यांच्या आरमारात असायचं त्या जातीचं. गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये दोन्ही मांडायचीत आणि पाट्या मराठीत हव्यात, हा हट्ट माझाच.

डोलकाठी, शीड, सुकाणू, नांगर इथवर गाडी सुरळीत होती. ‘रिगिंग’ला, म्हणजे डोलकाठ्या-शिडांच्या सगळ्या दोरांना, गचका बसला. ‘रज्जुजाल’ सुचवलं गेलं, पण ते वाचून संस्कृतच्या पेपरला बसल्यासारखं वाटतं. ‘दोरखंड’ म्हणावं तर माझा जाडात जाड दोर म्हणजे शिवणाचा दोरा.

शिवाय मला एक नाही, दोन शब्द हवेत. जहाजावर काही दोर कायमचे ताणलेले असतात, डोलकाठी पडू नये म्हणून. त्यांना डांबर फासलेलं असतं, म्हणून ते काळे. दुसरे रोज ओढायचे-सोडायचे, शीड वर चढवायला किंवा वळवायला. त्यांना डांबर लावून चालणार नाही, हाताला चिकटेल, म्हणून ते भुरकट. माझ्याकडे रिळंच दोन आहेत. एक काळं, आणि एक पांढरं, जे मी चहाच्या पाण्यात बुडवून काढलं (दूध न घालता, हे सांगावं लागतंय कारण पहिल्यांदा चुकलो होतो). मुलं विचारणार, काका, हे काळे दोरे कसले आणि हे पिवळे कसले? इंग्रजीत ‘स्टँडिंग’ आणि ‘रनिंग’ रिगिंग. उभं आणि पळतं लिहू का?

फुकटचा सल्ला

रिगिंगच लिहा. निवडणुकीमुळे सगळ्यांना कळतं.

कोशवाली

सुतार, आधी एक सांगते. तुम्ही ‘जहाज बांधतोय’ लिहिलंत ते वाचून बरं वाटलं. हल्ली सगळं ‘बनवतात’. पोहे बनवतात, व्हिडिओ बनवतात, घरही बनवतात. मराठीत घर बांधतात, पूल बांधतात, पुस्तक बांधतात, जहाजही बांधतात. धंद्याचं नावच जहाजबांधणी. कार्डशीटचं असलं तरी बांधणंच.

दोरांसाठी माझं मत: ‘तणावा’. तंबूच्या कडांपासून जमिनीतल्या मेखेपर्यंत ताणून बांधतात तो दोर. मूळ अरबी ‘तनाब’, फारसीतून आपल्याकडे आला, तंबूचा दोर याच अर्थाने. ‘तणाव’ आता मनाला येतो, रस्त्यावर येतो, दोन देशांत येतो. दोराला मात्र येईनासा झाला. तुमचे काळे दोर तंबूच्या तणाव्याचंच काम करतात. तणावा, तणावे, तणाव्यांची जोडी.

पेठेतला सुतार

ताई, हे झकास आहे! तणावे पक्कं. आणि चहातले?

कोशवाली

त्यांना सरळ ‘ओढीचे दोर’ म्हणा. प्रत्येक गोष्टीला एकशब्दी नाव असलंच पाहिजे असा कुठे नियम आहे?

नवा भिडू

शीड ऐवजी ‘पाल’ चालेल का? एका पुस्तकात ‘पालवाली नौका’ वाचलं होतं.

कोशवाली

ते हिंदी झालं. मराठीत पाल भिंतीवर असते, नाहीतर माळावर ठोकलेली राहुटी असते. शीडच.

हर्णैकर

मी हा धागा दुपारपासून वाचतोय. राहायला कोथरूडला, पण आजोबा होड्या बांधणारे, म्हणून बोलतो.

तुम्ही पुण्याची माणसं डोलकाठी म्हटलं की डोलणारी काठी समजता. मुळात ‘डोल’ हाच खांब. आजोबा नुसतं डोल म्हणायचे. शीड ज्या लांब आडव्या-तिरप्या काठीला बांधतात ती परबाण, कोणी परवाण म्हणतं. मागचा छोटा डोल तो कलमी. होडीचं पुढचं टोक नाळ. खालचा सबंध लांबीचा कणा तो पठाण. त्यावर दोन्ही बाजूंनी उभ्या राहतात त्या फासळ्या, त्यांना वांक. लाकूड सरळ कापून वांक होत नाही, नुसता कापलात तर रेषांवर तडकतो. म्हणून बाभळीचं झाड जिथे आपसूक वाकलेलं असेल तेच शोधायचं. फळ्या सागाच्या, वांक बाभळीचे. आजोबा रानात फिरताना झाडाकडे बघून सांगायचे, हा मधला वांक, हा नाळेजवळचा.

तुमच्या कार्डशीटच्या गलबताला वांक कशाचे केलेत?

पेठेतला सुतार

काका, माउंट बोर्डचे. पठाणाला (आजपासून मीही पठाणच म्हणणार) खाचा पाडल्या आणि एकेक वांक त्यात उभा बसवला. गोल भागाला कार्डशीट वाकेना. सुरीच्या पाठीने आतून हलके ओरखडे ओढले, मग वाकलं. लाकडी जहाजाला मात्र दोन मिलिमीटरच्या पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून मेणबत्तीच्या आचेवर एकेक वळवाव्या लागल्या. नाळेपाशी तीन मोडल्या. तुमच्या आजोबांसारखं झाडावर लक्ष ठेवायला हवं होतं, पण भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात पट्टी आधीच सरळ कापलेली मिळते.

फुकटचा सल्ला

डोल म्हणजे खांब असेल तर ‘डोलकर’ म्हणजे खांबकर का?

हर्णैकर

नाही. तो वेगळा डोल. ते जाळं. पिशवीसारखं लांब असतं, समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या प्रवाहात धरायचं. बोंबील त्यातच येतो. ते लावतो तो डोलकर. शहरातल्या लोकांना डोलकर म्हणजे लाटांवर डोलणारा गडी वाटतो.

कोशवाली

काकांच्या ‘डोल’ला पुरावा आहे. १८११ साली कलकत्त्यात थॉमस रोबक नावाच्या इंग्रजाने जहाजावरच्या हिंदुस्तानी बोलीचा कोश छापला. इंग्रजी जहाजांवर आपल्याकडचे खलाशी असत आणि त्यांना हुकूम कळावेत यासाठी तो उद्योग. त्या बोलीत डोलकाठी म्हणजे डोलच: मधला बडा डोल, मागचा कलमी, पुढचा तिरकट. ‘तिरकट’ पोर्तुगीजांकडून आलेला. वरच्या शिडाचं नाव ‘गावी’, तेही पोर्तुगीज. आपल्या ‘गावी जाणे’शी काही संबंध नाही!

एकाच होडीत किती भाषा बसल्यात बघा. सुकाणू अरबी ‘सुक्कान’वरून. गुराब, म्हणजे लढाऊ जहाजाची एक जात, तेही अरबीच, तिथे त्याचा अर्थ चक्क कावळा. आणि गंमत नांगराची. शेतातला नांगर संस्कृत ‘लाङ्गल’चा, पाण्यातला फारसी ‘लंगर’चा. दोघांनी आपापला ल टाकून न घेतला आणि मराठीत येऊन जुळे झाले. शेतकऱ्याने नांगर धरला आणि तांडेलाने नांगर टाकला, शब्द एक दिसतो पण घराणी दोन.

पेठेतला सुतार

म्हणजे माझं एक गृहीतक कोसळलं. मी धरून चाललो होतो की आपल्या किनाऱ्यावरची जहाजं तिरप्या, त्रिकोणी शिडांची, तेव्हा आडव्या चौकोनी शिडांच्या इंग्रजी जहाजाला आपल्याकडे शब्दच नसणार. गलबताची पाटी मराठीत आणि ट्रिंकोमालीची इंग्रजी शब्दांनी भरलेली, असं ठरवलं होतं. पण तिरकट आणि गावी तर त्याच चौकोनी शिडांसाठी होते.

आणखी एक. वाडिया मुळात सुरतेचे. त्यांच्यातला पहिला, लवजी नसरवानजी, १७३६ साली मुंबईत आला. गुजरातेतही होडीच्या कण्याला पठाणच म्हणतात. तेव्हा १८१६ साली मुंबईच्या गोदीत ट्रिंकोमालीचा कणा मांडला तेव्हा सुतार एकमेकांना ‘कील’ आण म्हणाले असतील असं मला तरी वाटत नाही. हे जहाज आपल्याच शब्दांत बांधलं गेलं आणि इंग्रजी शब्दांत चालवलं गेलं. किंवा तेही नाही, कारण चालवणारे खलाशीही बहुधा बडा डोलच म्हणत असणार.

कोशवाली

शेवटचं वाक्य जपून. ते लढाऊ जहाज होतं, व्यापारी नव्हे, तिथे गोरे खलाशी होते. पण बांधणीबद्दलचं मान्य.

पेठेतला सुतार

खोडतो. बांधणीपुरतंच ठेवतो.

नवा भिडू

तीन भोकांच्या त्या लाकडी चकत्या असतात ना, तणाव्यांच्या खाली? त्यांना काय म्हणायचं? इंग्रजीत डेडआय म्हणतात, मेलेला डोळा.

पेठेतला सुतार

तीन भोकांची चकती. बस. ‘मृतनेत्र’ कोणी सुचवलं तर मी हा धागा सोडून जाईन. चकत्या जोडीने असतात, वरची आणि खालची, मधून दोर तीनदा फिरवून ताण द्यायचा. फिरकी नसलेली कप्पी समजा. माझ्या तीन मिलिमीटरच्या आहेत, टूथपिकच्या टोकाने भोकं साफ करावी लागतात. दोरा आधी मेणातून ओढला नाही तर त्याचे केस उभे राहतात आणि तिसऱ्या भोकात अडकतो. आणि चढायला तणाव्यांवर आडव्या दोऱ्या बांधतात, त्याची शिडी होते. प्रत्येक ठिकाणी गाठ, खुंट्याला दावं अडकवतो तशी. एका बाजूच्या एका शिडीला १४० गाठी मोजल्या आणि मग मोजणं सोडलं.

फुकटचा सल्ला

शीड आणि शिडी, काही नातं?

कोशवाली

नाही. रूप सारखं म्हणून नातं लावायचं झालं तर पालीला राहुटीत राहायला पाठवावं लागेल.

हर्णैकर

सुतारभाऊ, गलबताला वल्ही विसरू नका. पाटी लावाल आणि वल्ह्यांशिवाय मांडाल तर आमच्याकडचा कोणीतरी बोलेलच.

पेठेतला सुतार

काका, आहेत. ऑर्म नावाच्या इंग्रज इतिहासकाराने आंग्र्यांच्या गलबतांना चाळीस-पन्नास वल्ही दिलीत, मी वीस-वीस लावली. बांबूच्या टूथपिक चपट्या करून. गुराब त्याच्या हिशेबाने मोठी, दोन किंवा तीन डोलांची. ती पुढच्या वर्षी, बायको गॅलरी मोकळी ठेवू देईल तर.

तर पाटी अशी ठरवली. रात्री पुठ्ठ्यावर लिहूनही टाकली:

‘ट्रिंकोमाली. मुंबईत बांधली, १८१७. प्रमाण १:७२. पुढून मागे तीन डोल: तिरकट, बडा, कलमी. काळे दोर तणावे, भुरे दोर ओढीचे. वांक आणि पठाण आत आहेत, दिसणार नाहीत. बांधणाऱ्याची तीन वर्षं गेली आहेत. शीडांना हात लावू नये.’

कोशवाली

वर अडीच वर्षं म्हणाला होतात.

हर्णैकर

आणि ‘शीडांना’ नव्हे, ‘शिडांना’.