फिक्या पानाची सिगार: नाजूक चव की महागडा फिकेपणा?

हार्टफर्डकर
गेल्या शनिवारी मित्राच्या परसात पाचजण बसलो होतो. चौघांकडे माडुरो, म्हणजे वर गुंडाळलेलं पान काळंभोर असलेल्या सिगारी, माझ्या हातात फिक्या पानाची मॅकानुडो कॅफे, हाइड पार्क आकाराची. साडेपाच इंच लांब, ४९ रिंग. (रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा जाडी पाऊण इंचाहून किंचित जास्त.) एकजण म्हणाला, "ही तर नवशिक्यांची." तेव्हापासून डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की फिक्या पानाची सिगार ओढायला सोपी असेल, पण पारखायला सगळ्यात अवघड. झणझणीत रश्श्यात बरंच काही खपून जातं. साध्या वरणभातावरचं तूप जरा खवट असलं, तर पहिल्याच घासाला कळतं.

नोकरीमुळे बारा वर्षं अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, हार्टफर्डच्या भागात आहे. आलो तेव्हा विंडसरच्या बाजूला कुठे कुठे तंबाखूवर पांढऱ्या कापडाचे मांडव दिसायचे. बाकी जागेवर गोदामं झाली. कनेक्टिकट शेड म्हणतात ते या मांडवांखालचं पान. सुमात्राच्या पातळ पानाशी टक्कर द्यायला १९०० च्या सुमारास इथे मांडवाखाली लागवड सुरू झाली. कापडातून ऊन गाळून येतं, आत दमटपणा टिकतो, त्यामुळे पान रुंद, पातळ आणि बारीक शिरांचं होतं. खुडतात हाताने, बुंध्याकडून वर, टप्प्याटप्प्याने. मार्टिन ल्यूथर किंग विद्यार्थी असताना १९४४ च्या उन्हाळ्यात शेजारच्या सिम्सबरीत अशाच तंबाखूच्या शेतात राबले होते.

आता चव. सकाळची वेळ, सोबत फक्त पाणी. न पेटवता ओढून पाहिली, वाळलेल्या पेंढ्याचा वास आला. पेटवल्यावर पहिल्या एक तृतीयांशात साय आणि भिजवलेले बदाम. मध्ये पेन्सिल तासल्यावर येतो तसा लाकडाचा वास, पण तो धूर थोडा नाकातून सोडला तरच. शेवटी घाई केली आणि कडू झाली. चूक माझी, मिनिटाला एका झुरक्यापेक्षा जास्त ओढायला नको होतं. राख पांढरट, इंचभर टिकली. एक बाजू पुढे जळत गेली, एकदा काडी लावून सरळ करावी लागली. दहापैकी सात.

काडेपेटी
साय आणि भिजवलेले बदाम! हे जिभेला नाही, सिगारवरच्या नावाच्या पट्टीकडे बघून सुचतं. 'सिगार अफिसिओनाडो' मासिकवालेसुद्धा गुण देण्याआधी पट्टी काढतात, ते उगाच नाही. दुसरं, तुमच्याच कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात ब्रॉडलीफ नावाचं तंबाखूचं पान होतं ना? उघड्या उन्हात वाढतं, अख्खं खोड कापतात, त्याचंच काळं माडुरो पान बनतं. तीच नदी, तीच माती. त्यातलं उन्हापासून लपवून वाढवलेलं तेवढं तुम्ही निवडलंत आणि फिकेपणाला नजाकत म्हणताय.

हार्टफर्डकर
पट्टीचं मान्य. बायकोने एकदा तीन सिगारी पट्ट्या काढून दिल्या होत्या. त्यातली साडेचार डॉलरची मी दहाची समजून वाखाणली, अजून घरात निघतं ते. पण एक गोष्ट डोळे मिटूनही पकडली: एकीत अमोनियाचा उग्र वास होता, म्हणजे तंबाखू नीट मुरलेली नव्हती. काळ्या, गोडसर पानाखाली मला ते कळलं असतं असं वाटत नाही.

मंद_आच
दोघांनाही एक सांगतो. आज 'कनेक्टिकट' म्हणून विकलं जाणारं बरंचसं पान त्या खोऱ्यातलं नसतंच. बियाणं तिथलं, शेत इक्वेडोरमध्ये. तिथे आभाळच इतकं भरलेलं असतं की मांडवाचं काम ढग करतात. मला ते जास्त आवडतं, थोडा मिरीचा झटका असतो. आणि मुंबईकरांनो, जुलैत कुठलीही सिगार चाखून मत देऊ नका. ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवायची वस्तू आपण पावसाळ्यात कपाटात टाकतो, ती फुगते, पातळ पान फाटतं, मग नावं सिगारला.

वखारवाला
मी निपाणीचा. आमच्याकडं बिडीची तंबाखू. वरचं पान तेंदूचं, त्याला कोण गुण देत नाही. पण पारख काय असते ते लहानपणी बघितलंय. व्यापारी चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळायचा, नाकाशी न्यायचा, तोंड वाकडं करायचा आणि भाव पाडायचा. त्याच्या नाकावर आमचं वर्ष ठरायचं. १९८१ ला शरद जोशींच्या आंदोलनात शेतकरी महामार्गावर बसले, गोळीबार झाला, तो याच भावासाठी. आई वखारीत तंबाखू चाळायला जायची, घरी आली की पदरालाही खकाण्याचा वास. तुमच्या सायीबदामाला माझी हरकत नाही. पण खुडणाऱ्याचं एक वाक्य लिहून पुढं पळालात, तेवढं खटकलं.

दाढदुखी
दंतवैद्य आहे म्हणून एवढंच: 'सौम्य' हा शब्द चवीपुरता. सिगारचा धूर क्षारधर्मी असतो, छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. आणि तोंडाचा कर्करोग पानाचा रंग बघत नाही.

काडेपेटी
डॉक्टर, धाग्याचा विषय चव आहे.

दाढदुखी
मीही जिभेबद्दलच बोलतोय. लोक ती माझ्यासमोरच बाहेर काढतात.

हार्टफर्डकर
डॉक्टर, यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी महिन्याला एक ओढतो, ती शून्य नाही हे माहीत आहे. वखारवाले, तुमचंही खरं. खोडून परत लिहिलं तर बनाव वाटेल, म्हणून तसंच ठेवतो. पण नवशिक्यांची हे अजून मान्य नाही.

काडेपेटी
मग डिसेंबरात कोल्हापूरला येताय ना? तीन सिगारी, पट्ट्या मी काढणार. वखारवाले पंच.

वखारवाला
येतो. पण ओढणार नाही. तिन्हीतली एकेक चिमूट चोळायला द्या, भाव मी सांगतो.